एका पलंगावरच्या दोन गाद्या

कांजूरमार्ग पूर्वेला दहा बाय दहाची बेडरूम असलेलं एक जोडपं. त्याचं वजन ८८ किलो, तिचं ५६. तो उताणा झोपतो, ती कुशीवर. त्याची कंबर धरते, तिचा उजवा खांदा. काथ्याच्या जुन्या गादीला मधोमध खड्डा पडला आहे आणि आता लेटेक्सची घ्यायची, इथपर्यंत दोघांचं एकमत आहे. एलबीएस मार्गावरच्या दुकानदाराने दोघांचं म्हणणं ऐकलं आणि अशा वेळी दुकानदार देतात तेच उत्तर दिलं: ‘मीडियम घ्या, दोघांनाही चालेल.’ घरी आल्यावर त्यावरून जे बोलणं झालं ते पुढे दिलं आहे. बोलणारी दोघं कल्पित आहेत, पेच मात्र घरोघरचा.

तो : मीडियम घेऊन टाकू. दोन पावलं तू ये, दोन पावलं मी येतो. संसार असाच केला ना आपण?

ती : संसारात चालतं, अहो. गादीत कसं चालेल? मी कुशीवर झोपते. सगळा भार खांद्यावर आणि खुब्यावर येतो. तेवढे दोन भाग गादीत रुतले तर कणा सरळ राहतो. नाही रुतले तर खांदा दाबला जातो, हाताला मुंग्या येतात आणि मी रात्रभर कूस बदलत बसते.

तो : आणि माझा भार कमरेपाशी. तो भाग खाली गेला की पाठीची झोळी होते. सकाळी उठताना पलंगाची कड धरावी लागते, तू बघतेसच. मला कडकच हवी. बाबांना तर डॉक्टरांनी फळीवर झोपायला सांगितलं होतं.

ती : तो जुना सल्ला झाला. स्पेनमध्ये कोवाक्स नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर रीतसर चाचणी घेतली. जुनाट कंबरदुखीचे ३१३ लोक घेतले, काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. ९० दिवसांनी पाहिलं तर मध्यम कडक गादीवाल्यांना झोपलेलं असताना आणि उठताना दुखणं कमी होतं, दिवसाच्या कामातली अडचणही कमी होती. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं.

तो : मग झालंच की! मध्यमच म्हणाले ना? दुकानदार तरी वेगळं काय म्हणत होता?

ती : मध्यम कोणासाठी, ते विचारा. ती चाचणी एकेका माणसाच्या पाठीची होती, जोडप्याची नव्हती. ज्या गादीत तुमचे ८८ किलो दीड इंच रुततील, तिच्यात माझे ५६ किलो जेमतेम टेकतील. एकच गादी तुम्हाला मध्यम लागेल आणि मला कडक. गादीचं मध्यम तिच्यावर झोपणाऱ्याच्या वजनावर ठरतं. दुकानदार दोघांना एकच मध्यम विकतोय.

तो : हे मान्य. पण मग मोजायचं कसं? कारखान्यात आयुष्य गेलं माझं, मोजता न येणारी वस्तू घ्यायला मला आवडत नाही. दुकानदार म्हणाला, डेन्सिटी ८० आहे, एक नंबर माल.

ती : डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो माल भरलाय एवढंच. मऊ-कडक त्याने थेट कळत नाही.

तो : अगदीच कळत नाही असंही नाही. लेटेक्समध्ये हवा जास्त फेटली तर डेन्सिटीही कमी आणि गादीही मऊ. हवा कमी तर दोन्ही वाढतं. पण खरा आकडा आयएलडीचा, तो मी वाचून काढलाय. पन्नास चौरस इंचाची गोल चकती फोमवर ठेवायची आणि जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतकी आत दाबायची. त्याला किती पौंड जोर लागला, तो आयएलडी. वीस-पंचवीस म्हणजे मऊ, तिशीच्या आसपास मध्यम, पस्तीस-चाळीसच्या वर कडक. दुकानदाराला विचारलं तर तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

ती : कारण इथे सगळे डेन्सिटीवरच विकतात. आणि डेन्सिटी फसवूही शकते. रबराच्या चिकात खडूची भुकटी मिसळली की वजन वाढतं, कागदावर आकडा चांगला दिसतो, पण उसळी येत नाही. अशा मालाचा लवकर भुगा होतो.

तो : चिकाबद्दल तू बोलणार हे माहीतच होतं. माहेर दोडामार्गचं ना!

ती : बोलणारच. आमच्याकडच्या डोंगरांवर केरळातून आलेल्या लोकांनी जमिनी घेऊन रबर लावलं. लावल्यावर सातेक वर्षं झाड नुसतं वाढवायचं. मग उजाडायच्या आत सालीवर तिरका छेद द्यायचा, कारण ऊन चढलं की झाडातला दाब उतरतो आणि चीक कमी येतो. त्या चिकात जेमतेम तिसरा हिस्सा रबर, बाकी बहुतेक पाणी. गोठू नये म्हणून अमोनिया घालतात, मग यंत्रात गरगर फिरवून साठ टक्क्यांपर्यंत घट्ट करतात. गादीच्या कारखान्यात जातो तो हा घट्ट चीक.

तो : आणि तिथे तो फेटून साच्यात ओततात. ती पद्धत डनलॉप कंपनीच्या लोकांनी १९२९ साली इंग्लंडात बसवली, म्हणून तिला आजही डनलॉपच म्हणतात. फेस साच्यात ओतायचा, तो घट्ट धरला की वाफेवर शिजवायचा. साच्यात खिळे असतात, त्यांची भोकं गादीत राहतात. त्यातूनच उष्णता आतपर्यंत जाते आणि पुढे हवाही खेळते. ओतल्यावर जड भाग थोडा तळाला बसतो, म्हणून डनलॉप गादीची खालची बाजू जरा जास्त घट्ट.

ती : दुसरी ती टालाले. साचा अर्धा भरायचा, हवा खेचून फेस फुगवायचा, गोठवायचा आणि मग शिजवायचा. ती वरपासून खालपर्यंत एकसारखी आणि जास्त मऊ होते, पण महाग. आपल्याकडे बहुतेक माल डनलॉपचाच.

तो : मग घ्यायची ती पूर्ण नैसर्गिक तरी घेऊ. पेट्रोलियमपासूनचं सिंथेटिक रबर मिसळून ‘नॅचरल लेटेक्स’ म्हणून विकतात म्हणे.

ती : मिसळतात. म्हणून नुसत्या ‘नॅचरल’ शब्दावर जायचं नाही, टक्केवारी लेखी घ्यायची. जीओएलएसचा शिक्का असेल तर त्यातला निदान ९५ टक्के कच्चा माल प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो. ओएको-टेक्सचा शिक्का वेगळा. तो घातक रसायनं तपासतो, चीक झाडाचा की कारखान्याचा हे सांगत नाही. पण नैसर्गिक म्हटलं की सगळं पुण्याचंच, असंही समजू नका. आमच्या दोडामार्गात रबरासाठी जंगल तुटलं. सावंतवाडी-दोडामार्ग हा वाघांच्या ये-जा करण्याचा पट्टा आहे. तिथल्या झाडतोडीवर शेवटी उच्च न्यायालयाला बंदी घालावी लागली. गादी घ्यायची नाही असं मी म्हणत नाही. पण एकदा घेतली की पंधरा वर्षं टिकली पाहिजे.

तो : टिकवायला आपण पटाईत आहोत. एप्रिल-मेमध्ये गच्चीत टाकू, चांगलं ऊन देऊ, काठीने झोडपू.

ती : तिथेच तर गादी मरेल! कापसाच्या गादीला ऊन म्हणजे औषध, लेटेक्सला ऊन म्हणजे विष. उन्हात ती पिवळी पडते, कडक होते आणि भुगा सुटायला लागतो. सावलीत, पंख्याखाली वारा द्यायचा, बास.

तो : वारा! कांजूरला! संध्याकाळी वारा फिरला की डम्पिंगचा वास येतो आणि आपण खिडक्या लावून बसतो. एका बाजूला मिठागरं, पलीकडे खाडी. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, गादीला येणार नाही?

ती : म्हणूनच म्हणते, गादीच्या आधी पलंगाकडे बघा. आपला हायड्रॉलिक बेड. वर सलग प्लाय, खाली बॉक्समध्ये गोधड्या, सूटकेसा आणि तुमची जुनी मासिकं. आपल्या घामाचा ओलावा गादीतून खाली उतरतो आणि प्लायवर अडतो. गादीला तळातून काळे ठिपके पडतात ते त्यानेच. सुताराला बोलावून प्लायला भोकं पाडून घेऊ, नाहीतर प्लाय काढून तीन-तीन इंचांच्या आत फट ठेवून पट्ट्या मारू. पावसाळ्यात एसी थोडा वेळ ड्राय मोडवर. आणि वर प्लास्टिकचं वॉटरप्रूफ कव्हर नको. भोकांची गादी घ्यायची आणि तिचंच तोंड बांधायचं, याला काय अर्थ? मला रात्री आधीच उकडतं.

तो : उकडतं म्हणून मेमरी फोम नको म्हणालीस, तेव्हा पटलं होतं मला. फक्त एका गोष्टीत मेमरी फोम सरस आहे हे कबूल कर. मी रात्री दोनदा उठतो, तुला जाग येते. मेमरी फोम तो धक्का गिळतो. लेटेक्सला उसळी आहे, ते थोडा तरी पुढे पाठवणारच.

ती : कबूल. म्हणूनच मी म्हणते, आपल्या गादीचे दोन भाग करू. ७८ बाय ७२ ची एक घेण्याऐवजी ७८ बाय ३६ च्या दोन. तुमच्या बाजूला तुमचे थर, माझ्या बाजूला माझे. धक्काही तुमच्याच बाजूला राहील.

तो : आता आलीस मुद्द्यावर. नवरा-बायकोच्या पलंगात मधोमध फट? आणि नात राहायला आली की नेमकी मध्ये झोपते. ती कुठे जाईल? फटीत? एका पलंगावर एकच गादी असते, अगं. हॉटेलात दोन खाटा जोडून देतात तेव्हा तूच नाक मुरडतेस.

ती : एकच गादी ही रीत कधीपासून झाली? तुमच्या चाळीत डबलबेड होता? तुमच्या आई-बाबांच्या दोन वळकट्या होत्या. सकाळी गुंडाळून भिंतीला लावायच्या, रात्री उलगडायच्या. पिंजारी आला की तुमची आई त्याला सांगायची, यांची भरीव कर, माझी पातळ कर. ज्याच्या त्याच्या पाठीप्रमाणे ज्याची त्याची गादी, आणि दोन्ही शेजारीशेजारी. डबलबेड आला तो ब्लॉकमध्ये, बेडरूमबरोबर. तोवर जोडप्याच्या गाद्या दोनच होत्या, आणि संसार मोडले नाहीत.

*इथे तो जरा गप्प झाला. तिचं बोलणं खोटं नव्हतं. पिंजाऱ्याची धनुकली ज्या घरांनी ऐकली आहे त्या घरांत गादीची जाडी माणसागणिक ठरायची. कापूस बसला की उसवायचा, पिंजायचा, कमी-जास्त भरायचा. कारखान्यातून तयार, सीलबंद गादी आली तेव्हा टिकाऊपणा आला, पण माणसाप्रमाणे भरून घेण्याची सोय गेली. थरांची लेटेक्स गादी ती सोय काही अंशी परत देते. चेन उघडून आतला थर बदलता येतो. त्याच्या शंका मात्र तेवढ्यावर संपणाऱ्या नव्हत्या.*

तो : बरं, वळकट्यांचं पटलं. पण व्यवहाराचं काय? तयार एकसंध गादी घेतली तर काही कंपन्या शंभर रात्री वापरून बघू देतात. नाही आवडली तर परत. आपण डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी असं बनवून घेतलं की ती ऑर्डरची वस्तू झाली. ती कोण परत घेणार?

ती : हा मुद्दा तुमचा खरा आहे. त्यावर उपाय एवढाच की आख्खी गादी परत करायची वेळ येऊ द्यायची नाही. सहा इंचांचा एक ठोकळा घेण्याऐवजी दोन-दोन इंचांचे तीन थर घ्यायचे. चुकलं तर एक थर बदलायचा. आणि शरीरं काय आहेत तशी राहणार आहेत का? उद्या तुमचं वजन उतरेल, माझं गुडघ्याचं ऑपरेशन निघेल. थर बदलले की झालं.

तो : तीन थर म्हणतेस तर मला जरा हिशेब करू दे. ७८ बाय ७२, सहा इंच, डेन्सिटी ८०. पूर्ण गादीचं वजन ४४ किलोच्या आसपास. चादर बदलताना हिचा कोपरा उचलायचा म्हणजे माझी कंबर गेलीच. दोन भाग केले तर प्रत्येकी २२ किलो. एकेक थर साडेसात किलोच्या आत. थर गुंडाळताही येतो, म्हणजे आपल्या लिफ्टमध्येही मावेल. एकसंध गादी पाच मजले जिन्याने चढवावी लागली असती.

ती : बघा, आता तुम्हीच माझी बाजू मांडायला लागलात.

तो : थांब, अजून आहे. तुझ्या बाजूला काय काय घालणार?

ती : खाली कडक, मध्ये मध्यम, वर मऊ. खांद्याला वरचा थर पुरेल, खुब्याला मधला.

तो : माझ्या बाजूला खाली कडक, मध्येही कडक, वर मध्यम. तुझ्या त्या स्पॅनिश डॉक्टरांचा मान राखून वरचा मध्यम. आता नीट बघ. दोघांचाही सगळ्यात खालचा थर कडकच आहे. मग तो कापायचा कशाला? खाली दोन इंचांचा सलग थर, पूर्ण ७८ बाय ७२ चा, दोघांचा मिळून. त्याच्यावर प्रत्येकाचे दोन-दोन थर. फट सहा इंचांऐवजी चार इंचच खोल. दोन्ही भाग एका पायावर उभे, त्यामुळे सरकणारही कमी. आणि बाहेरून चेन असलेलं सुती कव्हर एकच, चांगलं घट्ट बसणारं.

ती : हे मला सुचलं नव्हतं. खालचा थर पंधरा किलोचा होईल तेवढाच जड, पण तो रोज कोण उचलतंय? घ्या, हे मान्य.

तो : आणि नातीसाठी वर एक इंचाचा सलग टॉपर. फट झाकली जाईल.

ती : तो मात्र लगेच नको. टॉपर घातला की तुमच्या-माझ्या थरांतला फरक थोडा बुजतो. एवढं करून परत मीडियमवर यायचं का? आधी महिनाभर जाडसर सुती गोधडी घालून बघू. नात आली की गोधडीची दुहेरी घडी मध्ये.

तो : टॉपर हवाच असं माझं मत अजून आहे. पण महिना थांबतो. आता दुकानात जाऊन करायचं काय? मघासारखं काठावर बसून दोन बुक्क्या मारायच्या आणि परत यायचं?

ती : बुक्की मारून गादी कळत नाही. चपला काढून, आपली रोजची उशी घेऊन आडवं व्हायचं आणि निदान दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं. दुकानदार बघतो म्हणून लाजायचं नाही. तुम्ही उताणे झोपा, मी कमरेखाली हात घालून बघते. हात सहज आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी कडक. हात शिरलाच नाही आणि बूड खाली गेलेलं दिसलं तर मऊ. मी कुशीवर झोपले की तुम्ही मागे उभे राहून बघा. मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसली पाहिजे.

तो : आणि हे दोघांनी एकाच वेळी, शेजारीशेजारी झोपूनही बघायचं. एकट्याला गादी चांगली लागते, दोघांच्या वजनाने ती कशी वागते हे वेगळं.

ती : खरं आहे. आणि रबराच्या हातमोज्यांनी ज्यांना पुरळ उठतं त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आपल्या सुनेला तो त्रास आहे. ती आली की तिला या पलंगावर झोपवायचं नाही, ती हॉलमध्ये.

तो : वॉरंटीचं मी बघतो. ‘खड्डा’ किती इंच खोल झाला की ते मान्य करतात, हे आधीच विचारणार. तो खड्डा गादीवर कोणी नसताना मोजतात, माहीत आहे ना? आपण झोपल्यावर होतो तो त्यांच्या हिशेबात नाही. पलंगाला पट्ट्या कशा हव्यात, डाग पडला तर वॉरंटी जाते का, आणि वेगवेगळे थर घेतले तर वॉरंटी प्रत्येक थराला की आख्ख्या गादीला, हे सगळं बिलावर लिहून घेणार. आयएलडी देत नसेल तर निदान प्रत्येक थराची डेन्सिटी आणि नैसर्गिक रबराचा टक्का. नुसतं ‘प्रीमियम’ लिहिलं तर पैसे देणार नाही.

ती : आणि जुनी काथ्याची गादी? ती खाली कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून मोकळं व्हायचं नाही. ती जाऊन जाऊन जाणार कुठे? आपल्याच कांजूरच्या डम्पिंगवर. मग वास येतो म्हणून खिडक्या लावायच्याही आपणच.

तो : वॉचमनला विचारतो. मधला खड्ड्याचा भाग कापून टाकला तर दोन बाजू अजून चांगल्या आहेत. त्याच्या खोलीत एक माणूस आरामात झोपेल. नवीन गादीवाल्यालाही विचारू, जुनी नेणार का आणि नेऊन तिचं काय करणार.

ती : ठीक. फक्त एक करा. थर आले की प्रत्येकावर मार्करने मोठं लिहा : डावा की उजवा, वरचा की मधला. नाहीतर दिवाळीच्या सफाईत कव्हर धुवायला काढाल आणि माझा मऊ थर तुमच्या बाजूला जाईल.

तो : गेलाच तर दुसऱ्या दिवशी माझी कंबर बोलेल.

ती : तुमची कंबर बोलायच्या आधी माझा खांदा बोललेला असेल. मार्कर आणा.